‘अशी आमची आशा होती’ : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

कार्निव्हलची गडबड ओसरून राखेचा बुधवार, म्हणजे कोरेज्म या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) ५ एप्रिलला येतो. या दोन तारखांच्या दरम्यान वाचण्यासाठी म्हणून शुभवर्तमानांतील (बायबलमधील येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतील) कथांविषयीची पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे दिलेली नाहीत, आणि लांब पत्रांचा मथितार्थ तेवढा छापला आहे.

फोंड्याहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : आमच्या शेजारी एक कॅथलिक कुटुंब राहते. गावात शिगम्याचे ढोल-ताशे वाजत असतात त्याच दिवसांत त्यांच्या घरी कोरेज्म चालू असतो. मांसाहार बंद, लग्नकार्ये पुढे ढकललेली. एवढे दिवस शोक कशासाठी? आणि माझ्यासारख्या हिंदू वाचकाने येशूच्या कथा कोणत्या भावनेने वाचाव्यात?

उत्तर : कोरेज्म हा मुळात तयारीचा काळ आहे. पहिल्या काही शतकांत ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा असे त्यांना तो पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री दिला जाई आणि त्याआधीचे आठवडे उपवास, प्रार्थना व शिकवण यांत जात. पुढे त्यांच्यासोबत सगळी ख्रिस्ती मंडळीच हा काळ पाळू लागली. चाळीस हा आकडा येशूने अरण्यात घालवलेल्या चाळीस दिवसांवरून आला. रविवार उपवासात धरत नाहीत, त्यामुळे दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजले तर बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. आजच्या कॅथलिक नियमानुसार सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, तोही १८ ते ५९ वयाच्या माणसांना. याशिवाय शुक्रवारी मांस वर्ज्य असते. आपले शेजारी त्याहून अधिक पाळत असतील तर तो त्यांचा स्वतःचा नेम आहे. मासे मात्र चालतात, आणि गोव्यात ज्याला मासे चालतात त्याने काही सोडले असे म्हणावे की नाही, हा प्रश्न मी फादरांवर सोपवतो.

खाण्यापिण्याच्या नियमांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे या काळाच्या पहिल्याच शुक्रवारी वाचला जाणारा यशया संदेष्ट्याचा उतारा. मला आवडणारा उपवास कोणता, असे देव तेथे विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो : जुलमाची बंधने तोडणे, भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे. हे वाचल्यावर कोरेज्मला सुतक समजण्याचे कारण उरत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना पत्रावरचा फोंड्याचा पत्ता नजरेआड करता येणार नाही. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी आणि शांतादुर्गेचे केळशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी हे देव नदीपलीकडे फोंडा महालात आणले. १५६० साली गोव्यात सुरू झालेले इन्क्विझिशन (पाखंड शोधून शिक्षा देणारे धर्मन्यायालय), मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालले. ही आठवण बाजूला ठेवून येशूची कथा वाचा असे मी आपल्याला सांगणार नाही. ती जवळ ठेवूनच वाचा. राज्यसत्ता आणि धर्मपीठ यांनी हातमिळवणी करून एका निःशस्त्र माणसाला कसे संपवले, हेच त्या कथेत सांगितले आहे. आरोपी निर्दोष आहे हे रोमन सुभेदार पिलाताला कळलेले असते, तरी गर्दीचा आवाज चढल्यावर तो पाणी मागवून हात धुतो. ज्यांनी पुढे याच येशूच्या नावाने दुसऱ्यांचे देव उखडले ते या कथेत कोणाच्या शेजारी उभे आहेत, हे ठरवायला वाचकाला भाष्यकाराची गरज पडू नये. (याच कथेच्या आधारे युरोपात शतकानुशतके सगळ्या ज्यू समाजाला येशूच्या मृत्यूसाठी दोषी धरले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तो आरोप नाकारला. हे फार पूर्वीच व्हायला हवे होते.)

कुठ्ठाळी आणि केळशी ज्या साष्टी महालात होती त्याच साष्टीत, त्याच राजवटीत, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ही सारी कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली रायतूरला रोमी लिपीत छापली गेली, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे ओवी ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला ही कथा अगदी परकी वाटणार नाही. भक्तिभाव असलाच पाहिजे अशी अट नाही. पुराणकथा ऐकताना आपण ज्या लक्षाने पात्रांकडे पाहतो, कोण कोठे चुकले, कोण कोठे थांबले हे पाहतो, तेवढे लक्ष पुरेसे आहे.

म्हापशाहून एक भगिनी लिहितात : मागच्या पावसाळ्यात माझे पती गेले. मी नेमाने चर्चला जाते. पण पुनरुत्थानाच्या रविवारी सगळे आलेलुया म्हणतील तेव्हा मी काय करू, हा विचार आतापासूनच छळतो आहे. नात्यातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने मला सांगितले की, इतके महिने रडणे म्हणजे विश्वास कमी असणे. हे खरे आहे का?

उत्तर : ताई, हे खरे नाही. या वर्षीच्या वाचनक्रमात कोरेज्मच्या पाचव्या रविवारी, म्हणजे २२ मार्चला, योहानाच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय वाचला जाईल. तो आपण घरी आधीच एकदा सावकाश वाचावा.

बेथानी गावच्या मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी पडतो. बहिणी येशूला निरोप धाडतात आणि येशू निरोप मिळूनही आहे तेथेच आणखी दोन दिवस राहतो. तो बेथानीला पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि म्हणते की, प्रभुजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि तीही नेमके हेच बोलते. त्या चार दिवसांत दोघी बहिणी हे वाक्य एकमेकींशी किती वेळा बोलल्या असतील, हे ज्यांच्या घरात मृत्यू येऊन गेला आहे त्यांना सांगावे लागत नाही. ही सरळसरळ तक्रार आहे, आणि येशू ती ऐकून घेतो; असे बोलू नये म्हणून तो कोणालाही गप्प करत नाही. मार्थेला उत्तर हवे असते म्हणून तिच्याशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीया रडत असते, तिला तो काहीही समजावत नाही. तो स्वतः रडतो. आणि काही क्षणांनंतर लाजराला हाक मारून आपण बाहेर बोलावणार आहोत हे त्याला ठाऊक असतानाही तो रडतो. आपल्या नातेवाइकांचे म्हणणे मान्य करायचे तर बेथानीच्या वेशीवर येशूचाच विश्वास कमी पडला असे म्हणावे लागेल.

लाजराविषयी आणखी एक गोष्ट प्रवचनांत क्वचितच सांगितली जाते : तो पुन्हा मरणार होता. योहानाच्या पुढच्याच अध्यायात त्याला ठार मारण्याचे बेत चाललेले दिसतात. तेव्हा पूर्वीचे जगणे पूर्वीसारखेच परत मिळणे, याला शुभवर्तमान पुनरुत्थान म्हणत नाही. आपले पती संध्याकाळी पुन्हा व्हरांड्यात येऊन बसतील असे ही कथा सांगत नाही, आणि गोड शब्दांत कोणी तसे सुचवत असेल तर ते दुःखावर मीठ चोळणे आहे. ख्रिस्ती श्रद्धा सांगते ते असे की, मेलेला माणूस देवाच्या हातून निसटत नाही. आणि जो उठला तो हातांवरच्या खिळ्यांच्या आणि कुशीतल्या जखमेच्या खुणांसह उठला. थोमा या शिष्याला ओळख पटवताना येशू त्याच खुणा पुढे करतो. पुनरुत्थानाने त्या पुसल्या नाहीत. मग आपण वर्षाच्या आत आपली जखम मिटवून दाखवावी, अशी अपेक्षा आपल्याकडून कोणी कोणत्या आधारावर करावी?

आता आलेलुयाविषयी. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी ग्लोरिया हे स्तुतिगीत झाल्यावर घंटा थांबतात, गोव्यात त्यांच्या जागी लाकडी मात्राक खडखडते, वेदीवरची वस्त्रे काढून ती उघडी केली जाते, आणि शुक्रवारी मिस्सा होत नाही, शनिवारीही रात्रीपर्यंत होत नाही. त्या मधल्या शनिवारी शिष्य काय करत होते याविषयी शुभवर्तमाने जवळजवळ गप्प आहेत. लूक एवढेच नोंदवतो की, स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली आणि शब्बाथ असल्यामुळे विसावा घेतला. पूजाविधीने हा रिकामा दिवस मुद्दाम राखून ठेवला आहे. आपला शनिवार लांबला आहे, असे समजावे. रविवार उजाडल्यावरही पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवस, म्हणजे २४ मेच्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत चालतो. पहिल्याच सकाळी आनंदी चेहऱ्याने उभे राहण्याची सक्ती कोणावरही नाही. योहानाच्या कथेत तर मग्दालीया मरीया उठलेल्या येशूच्या समोर उभी राहूनही रडतच असते, डोळे भरलेले असल्याने म्हणा किंवा आशाच सोडलेली असल्याने म्हणा, तिला तो बागेचा माळी वाटतो. तू का रडतेस आणि कोणाला शोधतेस, असे तो विचारतो. त्यानंतर तो फक्त तिचे नाव घेतो, आणि तेव्हा ती त्याला ओळखते.

माझी एक सूचना आहे. रविवार सकाळच्या मिस्सेऐवजी आपण शनिवारी रात्रीच्या जागरणविधीला जावे. तो अंधारात, चर्चच्या बाहेर पेटवलेल्या नव्या अग्नीपासून सुरू होतो; मोठी पास्का मेणबत्ती आत जाते आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. शेजारच्या माणसाकडून ज्योत घेण्यासाठी गाता यावे लागत नाही.

सावंतवाडीहून एक वाचक विचारतात : जुन्या गोव्यातील संतांची मिरवणूक कधी असते, आणि ती परधर्मीयांना पाहता येते का?

उत्तर : ती मिरवणूक जुन्या गोव्यात निघत नाही, ती गोवा वेल्हा येथे, पिलारजवळच्या संत आंद्रेच्या चर्चमधून निघते. नावे इतकी सारखी आहेत की, दर वर्षी कोणी ना कोणी चुकीच्या गावी जाऊन उभा राहतो. कोरेज्मच्या पाचव्या रविवारनंतरचा सोमवार हा तिचा दिवस, म्हणजे या वर्षी २३ मार्च. फ्रान्सिस्कन तृतीय संघ या गृहस्थांच्या संघटनेने सुरू केलेल्या या प्रथेत संतांच्या मूर्ती खांद्यावरून नेल्या जातात, आणि पाहायला सर्व धर्मांची माणसे येतात. जमल्यास एखाद्या गावी सांतुस पासुसची मिरवणूकही पाहावी. तेथे क्रूस वाहणाऱ्या येशूची मूर्ती निघते, मोतेत ही भक्तिगीते गातात आणि वेरोनिकाची भूमिका करणारी मुलगी चेहऱ्याची छाप असलेले वस्त्र उलगडते. वेरोनिका शुभवर्तमानांत नाही, ती नंतरच्या परंपरेतून आली आहे. लोकांना मात्र ती हवीशी वाटली, आणि का ते तेथे उभे राहिल्यावर कळते.

पणजीहून कायद्याचा एक विद्यार्थी लिहितो : मी कॅथलिक घरात वाढलो. या वर्षी चारही शुभवर्तमानांतील पुनरुत्थानाचे अध्याय शेजारी ठेवून वाचले आणि गोंधळलो. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. अशा जबान्या न्यायालयात टिकणार नाहीत. मग त्यांवर आशा कशी उभी करायची?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर वाचले आहे. मार्काच्या वृत्तांतात तीन स्त्रिया कबरेपाशी जातात आणि त्यांना पांढऱ्या झग्यातील एक तरुण दिसतो. मत्तयात दोन स्त्रिया, भूकंप आणि शिळेवर बसलेला देवदूत आहे. लूक नावे घेतलेल्या स्त्रियांबरोबर इतर स्त्रियांचाही उल्लेख करतो आणि झगमगीत वस्त्रांतील दोन पुरुष दाखवतो. योहान एकट्या मग्दालीया मरीयेला पुढे आणतो. या विसंगती आजच कोणाच्या लक्षात आल्या आहेत असे नाही. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या लेखकाने चारही वृत्तांत विणून एकच सलग कथा तयार केली होती, आणि सिरियाकडील मंडळ्यांत ती पाचव्या शतकापर्यंत वाचली जात होती. सोय म्हणून पाहिले तर तोच मार्ग चांगला होता. तरीही चर्चने अखेर चार वेगवेगळी पुस्तके आहेत तशी ठेवली, त्यांच्या न जुळणाऱ्या कडांसह. ज्यांना खोटी साक्ष उभी करायची असते ते असे करत नाहीत. साक्षीदारांची शब्दन् शब्द जुळणारी जबानी पाहून न्यायाधीश अधिक सावध होतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की, प्रत्यक्ष पुनरुत्थान चौघांपैकी कोणीच वर्णन केलेले नाही. कबरेच्या आत काय घडले हे कोणी पाहिल्याचे म्हणत नाही. सांगितले आहे ते नंतरचे : बाजूला सरकवलेली शिळा, घाबरलेली माणसे, आणि मग झालेल्या भेटी. पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्याच शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये असा नियम नोंदवतो, आणि प्रेषितांनाही या स्त्रियांचे बोलणे वायफळ वाटले असे लूक स्वतःच लिहितो. कोणाला पटवण्यासाठीच कथा रचायची असती तर असे साक्षीदार कोणी निवडले नसते. यावरून पुनरुत्थान सिद्ध होते असे मी म्हणत नाही. लिहिणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी कथा घासूनपुसून घेतली नाही, एवढेच यावरून म्हणता येते.

चौघांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो मार्क. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही प्राचीन हस्तलिखितांत त्याचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीवर संपते : स्त्रिया थरथर कापत कबरेपासून पळाल्या आणि त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. येशूच्या दर्शनाच्या पुढच्या ओळी नंतर जोडल्या गेल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अशा अर्धवट जागी पुस्तक सोडण्याचे धैर्य मला विलक्षण वाटते. घाबरलेल्या माणसांकडून बातमी पुढे गेली, एरवी आज आपण तिच्याविषयी वाद घालत बसलो नसतो. ती कशी गेली हे मार्क सांगत नाही. आपल्या शंका आपल्याला त्या कबरेपासून दूर नेत आहेत असे समजू नका, कारण तेथे पोहोचलेली पहिली माणसेही काही निश्चित समजून परतलेली नव्हती.

सांगे तालुक्यातून एक वाचक लिहितात : खाणींवर माझे दोन ट्रक चालत होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, सुरू होतील म्हणून थांबलो. २०१८ साली पुन्हा बंद झाल्या. कर्ज फेडण्यासाठी ट्रक विकले, आता पन्नाशी उलटली आहे. मी ख्रिस्ती नाही. एका मित्राने हे सदर वाचायला दिले. दर वर्षी या दिवसांत आशा बाळगा असे छापून येते. ही आशा पोट भरलेल्यांसाठी असते असे मला वाटते.

उत्तर : ‘सुरू होतील म्हणून थांबलो’ हे आपले वाक्य वाचताना मला लूकच्या शेवटच्या अध्यायातील दोन प्रवासी आठवले. येशूला क्रूसावर दिल्यानंतरच्या रविवारी ते यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे चालले आहेत. अंतर सुमारे ११ किलोमीटर. एकाचे नाव क्लयपा, दुसऱ्याचे नाव दिलेले नाही. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना येऊन मिळतो आणि कशाविषयी बोलता आहात असे विचारतो. ते खिन्न होऊन उभे राहतात आणि सगळे सांगतात. इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच, अशी आमची आशा होती, असे म्हणतात. ज्याच्याविषयी बोलत आहेत तोच समोर आहे हे त्यांना कळत नाही. तो त्यांना मंदमती म्हणतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याआधी तो त्यांची निराशा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतो, आणि स्वतःला सर्व काही माहीत असूनही मध्ये बोलत नाही. सांज होते, ते त्याला आग्रहाने थांबवून घेतात, तो भाकरी मोडून देतो, त्यांना ओळख पटते आणि तो दिसेनासा होतो. ते त्याच घटकेला उठून रात्रीचे यरुशलेमला परत जातात.

त्या रात्रीत परिस्थिती काय बदलली हे मात्र पाहायला हवे. रोमन अंमल तसाच होता. पिलात इ.स. ३६ पर्यंत अधिकारावर राहिला. इ.स. ७० मध्ये तर यरुशलेमचे मंदिरही जाळले गेले. मुक्तीची जी कल्पना त्या दोघांनी उराशी धरली होती ती फलद्रूप झाली नाही. म्हणून खाणी पूर्वीसारख्या चालतील, ट्रक परत येतील, असे आश्वासन या कथेच्या नावाने कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्या दोघांपुरते बदलले ते एवढेच की, गावाकडे निघालेली पावले वळली आणि ती माणसांत परतली.

आणखी एक छोटी कथा याच लूकची, तेराव्या अध्यायातली. पिलाताने काही गालीली माणसांची कत्तल केली ही बातमी लोक येशूला सांगतात. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले होते, त्यांचाही उल्लेख तो स्वतः करतो. हे लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न तो करतो आणि नाही असे स्पष्ट सांगतो. नुकसान झालेल्या माणसाच्या पाठीमागे लोक त्याच्या कर्माचा हिशेब मांडू लागतात, हा अनुभव आपल्याला आला असेलच. त्या हिशेबाला येथे आधार मिळत नाही. लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. मालक तीन वर्षे फळ शोधतो, मिळत नाही, आणि तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो की, यंदाचे वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. पुढच्या वर्षी फळ आले का, हे लूक लिहीत नाही. माळ्याने फळाची हमी दिलेली नाही. त्याने एका वर्षाची मुदत मागितली आणि त्या वर्षात करायचे काम स्वतःकडे घेतले. मला या दाखल्यात माळीच महत्त्वाचा वाटतो, कारण झाडाला आशा धर असे तो सांगत बसत नाही, तो हातात कुदळ घेतो.

आणि येथे आपली टीका मी पूर्ण मान्य करतो. भाऊ किंवा बहीण उपाशी असताना त्यांना ऊब घ्या, पोटभर खा, असे नुसते म्हणाल तर त्याचा काय उपयोग, असे याकोबाच्या पत्रात रोखठोक विचारले आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात रात्रभर जाळी टाकूनही काही न मिळालेले शिष्य, पहाटे येशूच्या सांगण्यावरून पुन्हा जाळे टाकून मासे सापडल्यावर, किनाऱ्यावर येतात, तेव्हा येशूने निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार ठेवलेली असते. या, न्याहारी करा, हे त्याचे शब्द आधी येतात आणि पेत्र या शिष्याशी गंभीर बोलणे न्याहारी झाल्यावर होते. गोव्यातील अनेक पॅरिशमध्ये संत विन्सेंट दी पॉल सोसायटीची मंडळी गरजूंच्या घरी जाऊन मदत करतात, आणि कोरेज्ममधील दानधर्माचा पैसा अशाच कामी लागायला हवा. आशेवर प्रवचन देणाऱ्यांनी, या सदराच्या लेखकासह, आधी न्याहारीचे पाहावे. आपल्या गावातील मित्राला, ज्याने हे सदर आपल्याला दिले, कर्जाविषयीही मोकळेपणाने सांगावे. ११ किलोमीटरची ती वाट दोघे मिळून चालत होते म्हणून बोलणे सुरू तरी झाले.

मडगावहून एक आई विचारतात : मुले मराठी शाळेत शिकली आहेत. या दिवसांत घरी रोज थोडे शुभवर्तमान वाचायचे ठरवले आहे. कोठून सुरुवात करावी? धाकटा विचारतो की पेत्राला क्षमा मिळाली, मग यहूदाला का नाही?

उत्तर : मार्कापासून सुरुवात करा. तो चौघांत सर्वांत लहान आहे, १६ अध्यायांचा, आणि त्याची गती मुलांना आवडते. रोज अर्धा अध्याय घेतला तरी कोरेज्ममध्ये आरामात पुरा होतो.

धाकट्याचा प्रश्न मोठ्यांनाही सुटलेला नाही. मत्तय सांगतो की यहूदाला पश्चात्ताप झाला, त्याने रुप्याची तीस नाणी परत नेली आणि आपण निर्दोष माणसाला धरून दिले असे कबूल केले. त्यावर याजकांनी, त्याचे आम्हांला काय, असे उत्तर दिले. कबुली ऐकून घेणारे कोणी त्याला भेटले नाही. पेत्रानेही त्याच रात्री, अंगणात निखाऱ्यांपाशी शेकत असताना, तीन वेळा येशूला नाकारले होते. तो बाहेर जाऊन रडला, पण नंतर इतरांमध्ये परत आला, म्हणून पुढची न्याहारी त्याला मिळाली. कॅथलिक चर्चने अनेकांना संत म्हणून घोषित केले आहे, मात्र अमुक एक माणूस, अगदी यहूदासुद्धा, नरकात आहे असे अधिकृतपणे कधीही जाहीर केलेले नाही. धाकट्याला एवढे सांगा की यहूदाचे काय झाले हे आपल्याला माहीत नाही आणि त्याच्यासाठी चांगले इच्छिण्यास कोणाची मनाई नाही.

मार्क संपला की पुनरुत्थानाच्या आठवड्यात लूकचा चोविसावा आणि योहानाचा विसावा हे अध्याय घ्या. योहानाच्या एकविसाव्या अध्यायाला मात्र दोन संध्याकाळी द्याव्या लागतील. त्या जाळ्यात सापडलेले १५३ मासे कोणी आणि कशासाठी मोजले, यावर मुले बराच वेळ बोलत बसतात.